रक्ताची साक्ष

पॅरिस शहरात २९ मार्च १९५१ रोजी शार्ल द्युबोस्त या शल्यविशारदाने एका रुग्णाच्या पोटातील महारोहिणीचा फुगून धोक्याचा झालेला भाग कापून काढला आणि त्या जागी मृत व्यक्तीच्या शरीरातून काढून जतन केलेला महारोहिणीचा तुकडा शिवून बसविला. रक्त पुन्हा वाहू लागले आणि रुग्ण जगला. हृदयातून निघून सर्व शरीराला रक्त पुरविणारी ही महारोहिणी एकदा फुगली, की ती केव्हा फुटेल याचा नेम नसतो, आणि फुटल्यावर बहुधा काही उपायही उरत नाही. द्युबोस्त यांच्या शस्त्रक्रियेपूर्वी अवघी सव्वादोन वर्षे आधी, म्हणजे १९४८ च्या डिसेंबरात, अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील अशाच फुगवट्याला ब्रुकलिनमध्ये रुडॉल्फ निस्सेन यांनी सेलोफेनच्या कागदाने वेढून टाकले होते. त्या काळी त्याहून अधिक काही करणे शक्य नव्हते. तो कागद सहा वर्षांहून अधिक पुरला. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला, तेव्हा नवी शस्त्रक्रिया उपलब्ध झालेली होती, परंतु आइन्स्टाइन यांनी ती करवून घेण्याचे नाकारले.

विसाव्या शतकाच्या मध्याची ही आठ-दहा वर्षे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात विलक्षण भराभरीची गेली. लिस्बनच्या झुआंव सिद दुश सांतुश यांनी १९४६ मध्ये तुंबलेली रोहिणी उघडून आतील कठीण थर सोलून काढला. झाँ कुन्लँ यांनी १९४८ मध्ये पॅरिसला रुग्णाच्याच पायातील नीला काढून ती बंद पडलेल्या रोहिणीला वळसा घालून जोडली आणि कापावा लागणारा पाय वाचविला. आर्थर व्हूर्हीस यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगांतून १९५२ मध्ये कृत्रिम धाग्याच्या विणलेल्या नळ्या आल्या. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी एका मोठ्या दुकानात नायलॉन आणावयास गेले. नायलॉन संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे कापड दिले आणि घरी येऊन शिलाई-यंत्रावर त्याची नळी शिवली, अशी हकीगत ते स्वतः सांगत. डेक्रॉन टिकले, नायलॉन टिकले नाही. तेव्हा दुकानातील ती टंचाई रुग्णांच्या पथ्यावर पडली असेच म्हणावे लागेल. लंडनमध्ये १९५४ साली मानेतील रोहिणीवरही शस्त्रक्रिया झाली. पाय, पोट, मान. एकामागून एक गड सर होत गेले.

पण या यशाच्या पोटातच एक अपयश दडलेले होते. शिवण उत्तम धरलेली असे, पाय पुन्हा उबदार झालेला असे, शल्यविशारद समाधानाने घरी गेलेला असे, आणि दोन-तीन दिवसांनी रुग्ण हृदयविकाराने दगावे. याचे कारण समजण्यास कठीण नाही. रोहिण्यांच्या भिंतीत मेदाचे थर साचून त्या अरुंद होण्याचा रोग एका ठिकाणी थांबत नाही. ज्याच्या पायातील रोहिणी तुंबली आहे त्याच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या स्वच्छ असतील, असे मानण्यास आधार नसतो. क्लीव्हलँड येथे नॉर्मन हर्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १,००० रुग्णांच्या हृद्‌रोहिण्यांची क्ष-किरण चित्रे घेतली व १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृद्‌रोहिण्या सर्वथा निर्दोष आढळलेल्यांचे प्रमाण शेकडा ८ भरले. त्यातही विपरीत गोष्ट अशी, की यांतील पुष्कळांना छातीत कधी दुखलेलेच नसे. पायाच्या वेदनेमुळे ज्याला शंभर पावले चालवत नाही, त्याचे हृदय श्रमाच्या कसोटीला लागणार तरी केव्हा?

शस्त्रक्रिया मात्र ही कसोटी एका दिवसात लावते. रक्तस्राव होतो, अंगाचे तापमान उतरते, वेदनेमुळे व भीतीमुळे उत्तेजक स्राव रक्तात मिसळतात, नाडी वेगाने चालू लागते आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हृदयाचे काम वाढते आणि त्याला मिळणारा पुरवठा मात्र आधीच अपुरा. अशा वेळी हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. आणि रुग्ण गुंगीत असल्यामुळे व वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली असल्यामुळे तक्रारसुद्धा करीत नाही. एरवी मनुष्य छातीवर हात ठेवून वैद्याकडे धावतो. येथे तो वैद्याच्या डोळ्यांदेखत निजलेला असतो आणि कोणाला काही कळत नाही.

मग आधी कळावे कसे? पहिले प्रयत्न रुग्णाच्या पूर्वेतिहासावर भिस्त ठेवून झाले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की हृदयविकाराचा झटका येऊन तीन महिने झालेले नसताना भूल देऊन शस्त्रक्रिया केली, तर शेकडा ३७ जणांना पुन्हा झटका येतो. तीन ते सहा महिन्यांत हे प्रमाण १६ वर उतरते आणि सहा महिन्यांनंतर ५ च्या आसपास स्थिरावते. शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस सर्वांत वाईट, असेही त्या पाहणीत आढळले आणि तेच पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकविले गेले. बोस्टनचे ली गोल्डमन यांनी १९७७ मध्ये १,००१ रुग्णांच्या निरीक्षणावरून नऊ लक्षणांना गुण देऊन धोक्याची बेरीज मांडली. सहा महिन्यांत येऊन गेलेल्या झटक्याला १० गुण, दुर्बल झालेल्या हृदयाच्या खुणांना ११, वयाला इतके, नाडीच्या अनियमितपणाला तितके. ही पद्धत सुटसुटीत होती आणि तिचा उपयोगही मोठा झाला. पण रक्तवाहिन्यांच्या रुग्णांत ती धोका असावा त्याहून कमी दाखविते, हे लवकरच ध्यानात आले. १९९९ मध्ये तिची सुधारून सहा कलमांची नवी आवृत्ती निघाली. तथापि अशी गुणपद्धती एका प्रकारच्या माणसांविषयी बोलते. समोर निजलेल्या एका माणसाच्या हृदयात आज रात्री काय चालले आहे, ते तिला सांगता येत नाही. ते सांगणारा साक्षीदार रक्तातच सापडणार होता. त्याची कथा मात्र शस्त्रक्रियागृहापासून फार दूर सुरू होते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल या कर्करोगासाठी प्रसिद्ध असलेल्या केंद्रात १९५४ मध्ये आर्थर कार्मेन, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि जॉन लड्यू हे तिघे रक्तातील विकरांचे, म्हणजे सामान्य व्यवहारात ज्यांना एन्झाइम म्हणतात त्या द्रव्यांचे मापन करीत होते. पेशीच्या आत राहून रासायनिक क्रिया घडवून आणणे हे विकरांचे काम. पेशी मेली, तिची भिंत फुटली, की आतील विकरे रक्तात सांडतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्त गोठून वर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, ट्रान्सअमिनेज नावाचे विकर वाढलेले असते, असे या तिघांनी दाखविले. हृदय न उघडता, केवळ हातातील शिरेतून घेतलेल्या चार थेंबांवरून हृदयातील मृत्यूचा माग लागू शकतो, हा विचारच त्या काळी नवा होता. शितावरून भाताची परीक्षा गृहिणी रोज करते. वैद्यकाला ती हृदयाच्या बाबतीत १९५४ साली साधली.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. येथे प्रश्न जरा निराळा होता. पोहऱ्यात आलेले पाणी याच आडातील, की शेजारच्या विहिरीतील? ट्रान्सअमिनेज हृदयात असते, तसे यकृतातही मुबलक असते आणि हातापायांच्या स्नायूंतही असते. काविळीच्या रुग्णाचे रक्तही तीच साक्ष देई. म्हणून अधिक नेमक्या साक्षीदाराचा शोध चालू राहिला, आणि पुढची दोन महत्त्वाची पावले ज्याच्या कामाशी निगडित आहेत तो शास्त्रज्ञ हृदयरोगतज्ज्ञ नव्हता.

टोकियो विद्यापीठातील सेत्सुरो एबाशी हे औषधिशास्त्राचे अभ्यासक. स्नायू आकसतो तो कशाच्या आज्ञेने, या एका प्रश्नाने त्यांना पछाडले होते. कॅल्शियमचा कण हाच तो आज्ञा देणारा, असे त्यांचे मत होते. युरोप-अमेरिकेतील अनेक मातब्बरांना ते प्रारंभी पटत नव्हते. या मुख्य मार्गावर चालत असता १९५९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आडवळणाचे निरीक्षण नोंदविले: मुलांचे स्नायू क्रमाक्रमाने झिजविणाऱ्या रोगात क्रिएटिन कायनेज नावाचे स्नायूतील विकर रक्तात अतिशय वाढते. पुढील वर्षीच फ्रान्समधील संशोधकांनी हेच विकर हृदयविकाराच्या झटक्यानंतरही वाढते, असे दाखविले. यकृतात ते फारसे नसल्यामुळे काविळीचा घोटाळा मिटला. पुढे या विकराचा हृदयात विशेषत्वाने आढळणारा प्रकार वेगळा मोजता येऊ लागला आणि १९७० नंतरची सुमारे वीस वर्षे हृदयविकाराच्या निदानात त्याचेच राज्य होते.

दरम्यान एबाशी आपल्या मूळ प्रश्नाकडे परतले होते. कॅल्शियमची आज्ञा ऐकणारे प्रथिन स्नायूच्या तंतूवर कोठे तरी बसलेले असले पाहिजे, हा त्यांचा तर्क. आयाको कोदामा यांच्यासह १९६५ मध्ये त्यांनी ते वेगळे काढले आणि त्याला ट्रोपोनिन हे नाव दिले. ते एक प्रथिन नसून तीन प्रथिनांचे त्रिकूट आहे, हे १९७१ पर्यंत इतरांच्या कामावरून स्पष्ट झाले. या त्रिकुटातील दोन घटकांचे हृदयातील रूप हातापायांच्या स्नायूंतील रूपाहून वेगळे असते. एबाशी यांच्या दृष्टीने हा शुद्ध शरीरविज्ञानाचा विषय होता. रुग्णालयातील रक्तचाचणी त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. आज ज्या प्रथिनाच्या मापनावर जगभर हृदयविकाराचे निदान ठरते, त्याचा शोध अशा रीतीने लागला. ताबडतोबीचा उपयोग विचारून संशोधनाची किंमत करणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा.

आडातील पाणी ओळखण्याची युक्ती आता हाती आली होती. फक्त ते मोजावयाचे होते. हवे तेच प्रथिन हेरून त्याला चिकटणारी प्रतिद्रव्ये हवी तेवढी तयार करण्याची रीत १९७५ मध्ये केंब्रिज येथे निघाली होती. १९८७ मध्ये हृदयातील ट्रोपोनिन आय रक्तात मोजण्याची पद्धत इंग्लंडमधून आली आणि १९८९ मध्ये हायडेलबर्गच्या हुगो काटुस यांनी ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या आवृत्तीत हातापायांच्या स्नायूंतील प्रथिनाचा थोडा भेसळीचा दोष होता. दुसऱ्या आवृत्तीत तो दूर झाला.

शस्त्रक्रियेच्या रुग्णांना या शोधाची गरज इतरांहून अधिक होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वाटेवर चालता चालता ज्याला झटका येतो, त्याच्या अंगावर दुसरी जखम नसते. त्याच्या रक्तातील क्रिएटिन कायनेज कोठून आले याची शंका घेण्याचे कारण नसते. परंतु ज्याचे पोट किंवा मांडी शल्यविशारदाने कापली आहे आणि ज्याच्या पायाचे स्नायू काही काळ रक्ताविना राहिले आहेत, त्याच्या रक्तात स्नायूंची विकरे येणारच. त्या गदारोळात हृदयाचा क्षीण आवाज ऐकू यावा कसा? सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी याची सरळ परीक्षा घेतली आणि १९९४ मध्ये तिचे फलित प्रसिद्ध झाले. रुग्ण होते १०८. त्यांपैकी ९६ जणांवर रक्तवाहिन्यांची व १२ जणांवर पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली. आधी व नंतर ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाची हालचाल पाहून ज्यांच्या हृदयाचा काही भाग नव्याने निकामी झाला असे ८ जण निश्चित केले. या आठही जणांच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेले होते. जुन्या विकराने आठांपैकी सहाच ओळखले. उरलेल्या १०० जणांत जुन्या विकराने १९ वेळा खोटी हाकाटी केली आणि ट्रोपोनिनने केवळ एकदा, तीही किंचित. संख्या लहान होती, परंतु निकाल इतका स्वच्छ होता की वादाला जागा उरली नाही.

यानंतर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोपर्यंत वैद्य विचारीत होते, की याला झटका आला की नाही? आता एक नवा प्रश्न निघाला: ज्याच्या रक्तात ट्रोपोनिन थोडेसेच वाढले आहे, छातीत दुखत नाही, विद्युत्-आलेखही जवळपास निर्दोष आहे, त्याचे पुढे काय होते? अमेरिकेतील २२९ रुग्णांच्या एका पाहणीत २००२ मध्ये असे दिसले, की रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे ट्रोपोनिन ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, त्या शेकडा १२ जणांना पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका सहापट होता. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील गियोरा लँड्सबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४७ रुग्णांचा कित्येक महिने पाठपुरावा करून २००३ मध्ये दाखविले, की ही वाढ अगदी अल्प असली तरी ती पुढील आयुष्यमर्यादेवर सावली टाकते. त्याच गटाने शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या हृदयाचा विद्युत्-आलेख अखंड घेऊन आणखी एक गोष्ट उजेडात आणली. हृदयाचा कोंडमारा शस्त्रक्रिया संपत असताना, भूल उतरत असताना सुरू होतो आणि तो तासन् तास टिकतो. पुढे मोठ्या पाहण्यांतही हेच दिसले, की शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या झटक्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश पहिल्या ४८ तासांतच येऊन जातात आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांशांत रुग्णाला काहीही जाणवत नाही. तिसऱ्या दिवसाची ती जुनी शिकवण अशा रीतीने मागे पडली. वैद्य तिसऱ्या दिवशी जागे होत होते. चोर पहिल्या रात्रीच येऊन गेलेला असे.

हे सारे लहान लहान गटांवरून काढलेले अनुमान होते. त्याला जागतिक पाहणीचा आधार मिळाला तो कॅनडातील हॅमिल्टन येथून. केरळात जन्मलेले आणि बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सलीम युसुफ यांनी तेथे उभारलेल्या संशोधन-संस्थेत पी. जे. डेव्हेरो यांनी हा विषय आपला मानला. त्यांच्या नेतृत्वाखाली हृदयाव्यतिरिक्त अन्य शस्त्रक्रिया झालेल्या, वय ४५ वर्षांपुढील १५,१३३ रुग्णांचे ट्रोपोनिन शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन दिवस मोजले गेले आणि २०१२ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. ज्यांचे ट्रोपोनिन नगण्य होते, त्यांपैकी महिन्याभरात शेकडा १ दगावले. त्यावरच्या अगदी पहिल्या पायरीवर शेकडा ४. त्यापुढील पायरीवर ९ च्या वर. आणि सर्वांत वरच्या पायरीवर जवळजवळ १७. अधिक संवेदनशील चाचणी हाती आल्यावर २१,८४२ रुग्णांचा जो अहवाल २०१७ मध्ये निघाला, त्यात हृद्‌स्नायूला इजा झालेल्यांपैकी शेकडा ९३ जणांना कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. म्हणजे रक्त पाहिले नसते, तर ही माणसे ठणठणीत म्हणून घरी पाठविली गेली असती. अशा इजेला झटका म्हणावे की अन्य काही, यावर विद्वानांत बरीच चर्चा झाली आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत हृद्‌स्नायूची इजा हा स्वतंत्र शब्द रूढ झाला. रुग्णाला नावाशी फारसे कर्तव्य नसते.

ट्रोपोनिन इजा झाल्यावर बोलते. इजा होण्यापूर्वी, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी काही सांगणारा साक्षीदार असेल काय? तो सापडला, आणि त्याचीही वाट आडवळणाचीच होती. हृदय म्हणजे केवळ रक्त उपसणारा पंप, ही समजूत जुनी. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील पेशींत बारीक कण दिसतात, असे १९५६ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली आढळले होते; परंतु ते कशासाठी, ते कोणाला सांगता येत नव्हते. मूळचे अर्जेंटिनाचे आणि कॅनडातील किंग्स्टन येथे काम करणारे आडोल्फो द बोल्ड यांनी १९८१ मध्ये उंदराच्या हृदयाच्या या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. मूत्रातून बाहेर पडणारे मीठ तीसपटींहून अधिक वाढले. हृदय ही एक ग्रंथीदेखील आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले: ताण असह्य झाला की ते मूत्रपिंडांना निरोप धाडते, की पाणी आणि मीठ बाहेर टाका, माझा भार हलका करा. १९८८ मध्ये जपानमधील संशोधकांना याच कुळातील दुसरे द्रव्य डुकराच्या मेंदूत सापडले आणि त्याचे नाव मेंदूवरून पडले. पुढे कळले, की ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून स्रवते. पण नाव पडले ते पडले. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला बीएनपी म्हणतात.

शस्त्रक्रियेपूर्वी बीएनपी वाढलेले असणे म्हणजे हृदय आधीच ओझ्याखाली वाकलेले असणे. रक्तवाहिन्यांच्या रुग्णांत याची उपयुक्तता ठरविण्याचे महत्त्वाचे काम दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल विद्यापीठाच्या रॉडसेथ, बिकार्ड आदी भूलतज्ज्ञांनी केले. विखुरलेल्या लहान पाहण्यांतील एकेका रुग्णाची माहिती मागवून त्यांनी ती एकत्र तपासली. नंतर १०,४०२ रुग्णांचा जो जागतिक अहवाल २०२० मध्ये आला, त्यात बीएनपीच्या जोडीने निघणारा तुकडा मोजला होता. तो १०० च्या खाली असणाऱ्यांत मृत्यू किंवा हृद्‌स्नायूची इजा शेकडा ५ जणांना झाली; १,५०० आणि त्यापुढे असणाऱ्यांत ३७ जणांना. प्रश्नोत्तरांवरून केलेली गुणांची बेरीज एवढा स्पष्ट भेद दाखवू शकत नव्हती.

येथे कोणी विचारील, की धोका कळला, पुढे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि या इतिहासातील सर्वांत अवघड भाग याच प्रश्नापाशी येतो. हृद्‌रोहिण्या अरुंद आहेत ना, मग त्या आधी दुरुस्त कराव्यात, हा उपाय कोणालाही सुचेल. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत ५१० रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. आधी हृदयाची दुरुस्ती करून घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण काही वर्षांनी जवळजवळ सारखेच भरले: शेकडा २२ आणि २३. हा निकाल २००४ चा. दुसरा उपाय नाडी मंद करणाऱ्या औषधाचा. या औषधाचा पुरस्कार करणारी काही कामे रॉटरडॅममधून आली होती. २०११ मध्ये तेथील चौकशीत त्या संशोधनाच्या सचोटीवर ठपका आला. त्यापूर्वीच, २००८ मध्ये, हॅमिल्टनच्या गटाने २३ देशांतील ८,३५१ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली होती. तीत भारतातील रुग्णही होते. औषधाने हृदयविकाराचे झटके कमी झाले, हे खरे. परंतु पक्षाघात दुपटीने वाढले आणि मृत्यूही वाढले. रक्तदाब उतरल्यामुळे मेंदूला रक्त अपुरे पडले असावे. हृदय वाचविण्याच्या भरात माणूस गमावला गेला. या दोन निकालांनी अनेक सिद्धान्त जमिनीवर आणले, आणि ते आले नसते तर किती रुग्णांना नको ते औषध मिळत राहिले असते, याचा विचार करवत नाही.

इजा झालेल्यांना नंतर उपचार देऊन पाहावा, हा मार्ग त्यामुळे पुढे आला. दाबिगात्रान हे रक्त गोठू न देणारे औषध १९ देशांतील १,७५४ रुग्णांवर योजून २०१८ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यात रक्तवाहिन्यांचे गंभीर उपद्रव शेकडा १५ वरून ११ वर आले. तथापि हे औषध दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ते मध्येच सोडले होते. त्यामुळे या आकड्यांचे मोल किती मानावे, याविषयी तज्ज्ञांत एकमत झाले नाही.

कॅनडातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये जो दंडक घालून दिला, त्याप्रमाणे ६५ वर्षांवरील, अथवा त्याहून लहान पण हृदयाचा रोग असलेल्या रुग्णाचे बीएनपी मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी पाहावे. ते ठरावीक मर्यादेवर असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दोन ते तीन दिवस रोज ट्रोपोनिन मोजावे. युरोपातील संस्थेने २०२२ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि नंतर २४ व ४८ तासांनी ट्रोपोनिन पाहण्यास सांगितले. आधीचे मोजमाप आवश्यक अशासाठी, की मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात आणि थकलेल्या हृदयात ट्रोपोनिन एरवीही थोडे वाढलेलेच असते. आदल्या दिवसाचा आकडा हाती नसेल, तर आजचा आकडा नवा की जुना हे ठरत नाही. दुसरीकडे, उपाय निश्चित नसताना प्रत्येकाचे रक्त तपासून काळजी आणि खर्च वाढवावा काय, असा आक्षेप घेणारेही जाणकार आहेत. लहान गावातील रुग्णालयात, जेथे तपासणीचा खर्च रुग्णाच्या नातलगांनाच उचलावा लागतो, तेथे या आक्षेपाचे वजन अधिक आहे. ज्यांचा आकडा वाढलेला निघतो, त्यांना बहुतेक ठिकाणी आज दिले जाते ते ॲस्पिरिन आणि रक्तातील मेद उतरविणारे औषध; खेरीज रक्तदाबावर लक्ष, पुन्हा एकदा विद्युत्-आलेख, आणि घरी पाठविण्याची घाई न करता हृदयरोगतज्ज्ञाची गाठ घालून देणे.